नऊ कोऱ्या ओळी

अनुसया,

तुझं कपाट रिकामं करायचं काम माझ्याकडेच आलं. "तुमच्याच जवळच्या होत्या त्या," असं म्हणून मेट्रननी चावी हातात दिली. चावीचा काही उपयोग नव्हता. तुझ्या कपाटाला कुलूप कधी लागलंच नाही. दार ओढलं तर आतलं निम्मं सामान माझ्या पायावर. मी कागद घेतला आणि यादी केली, कारण दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही. गणवेश दोन, एकाला बटण नाही. सेफ्टी पिनांचा झुबका. कारळाच्या चटणीची बाटली, झाकण भलत्याच बाटलीचं. कुणाच्या तरी लेकराचं लसीचं कार्ड, बहुतेक परत द्यायचं राहिलेलं. आणि पेनं सात.

ती सातही पेनं मी यादीच्या मागच्या बाजूला चालवून पाहिली. सगळी चालत होती.

म्हणजे शाई नव्हती असं नाही. इतकी वर्षं मी मनाची समजूत घालत होते की या बाईजवळ ऐन वेळी पेन नसेल. सात होती. आणि तरी तुझ्याच्यानं नऊ ओळी लिहून झाल्या नाहीत, आणि त्या नऊ ओळींपायी माझी नर्स म्हणून असलेली नोंदणी रद्द व्हायची वेळ आली.

तुला जाऊन अकरा दिवस झाले. सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलतायत. तांड्यावर तुझ्या भावाच्या अंगणात बायका बसल्या होत्या, त्या म्हणत होत्या की अशी बाई पुन्हा व्हायची नाही. मीही मान हलवली. पण मला मनातून तुझ्याशी भांडायचं होतं. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि अर्धवट ठेवलेलं काम मला किती टोचतं हे तुला माहीत आहे. तरी तू निघून गेलीस. तेव्हा आता मी बोलते आणि तू ऐक. क्रमानं सांगते. तुझ्यासारखं मधूनच सुरू करणं मला जमत नाही.

आपला वॉर्ड वीस खाटांचा. भिंतीत दोन कुलपांचं कपाट, दोन चाव्या दोन माणसांकडे. आत दुखण्यावरच्या कडक सुया, ज्यांची नशा होते आणि ज्या बाहेर विकल्या जातात, म्हणून सरकार त्यांच्या एकेका थेंबाचा जाब विचारतं. शेजारी लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर. सुई काढली की ओळ भरायची: तारीख, वेळ, रुग्णाचं नाव, किती दिली, किती टाकून दिली, देणाऱ्याची सही, बघणाऱ्याची सही. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं. चाळीस सेकंद लागतात.

तुझी दुपारपाळी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी मला रजिस्टरात ओळ कोरी दिसायची. कधी नुसती तारीख टाकलेली, कधी तीही नाही. फोडलेली रिकामी कुपी मात्र डबीत बरोबर ठेवलेली असायची. दुपारी दोनला पाळी बदलताना मी तुला धरायची.

"अनुसया, ही ओळ?"

"अगं, पेशंट बोलून राहिला होता. उठू कशी?"

हे तुझं कारण. दुसरं कारण मी तुझ्या तोंडून कधी ऐकलं नाही. मग चहा पीत तू सांगायचीस आणि मी भरायची. तुला नाव आठवायचं, गाव आठवायचं, त्याच्या सुनेचं माहेर आठवायचं. वेळ विचारली की तू छताकडे बघायचीस. माझ्या अक्षरात ओळ भरून झाली की मी देणाऱ्याच्या सहीपाशी थांबायची. तुझी सही आपण ठोकणं म्हणजे खोटेपणा, तो मला जमला नसता. तुला तिथं सही करायला लावली असती, तर ओळीचं अक्षर एकीचं आणि सही दुसरीची. ते मला रजिस्टरात बरं दिसत नव्हतं. म्हणून मी माझी सही करायची, आणि तू शेजारी बघणाऱ्याच्या रकान्यात तुझी वाकडी सही मारायचीस. "झालं का हेडमास्तरीण? पास का नापास?"

आज हे कागदावर उतरवताना मलाच माझ्या अकलेची कमाल वाटते. पण तेव्हा मला तो प्रामाणिकपणा वाटत होता. ओळ कोरी राहत नव्हती आणि मी कुणाची खोटी सही करत नव्हते. सुई दिली होती तू आणि सही करत होतीस बघणारी म्हणून; मी तर त्या वेळी आपल्या दोघींच्या खोलीवर भाकरी थापत होते.

मग नवे अधीक्षक आले. माणूस वाईट नव्हता, उलट माझ्याच जातकुळीचा, याद्या करणारा. त्यांनी लाल रजिस्टर आणि आपल्या हजेरीचा तक्ता शेजारी शेजारी ठेवले आणि बोट फिरवत गेले. तीन महिन्यांत नऊ ओळी अशा निघाल्या की सुई दिल्याची वेळ दुपारची, सही माझी, आणि हजेरीवर मी सकाळपाळीची. केसपेपर काढले. डॉक्टरांनी सुई लिहून दिलेली होती, पण सुई दिल्याची नोंद तिथंही नाही. म्हणजे तू दोन्हीकडे कोरं ठेवलं होतंस आणि मी एकाच ठिकाणचं भरलं होतं.

"सिस्टर, या वेळी तुम्ही वॉर्डात होता?"

"नाही, सर."

"मग ही सही?"

"माझीच."

"मग सुई पेशंटला गेली हे तुम्हाला कसं कळलं?"

"सांगितलं."

"कोणी?"

मी तोंड उघडायच्या आत दारातून तुझा आवाज आला. तुला कुणी बोलावलं नव्हतं. हातात बेडपॅन होतं, ते बाहेर ठेवून यावं एवढंही तुला सुचलं नाही.

"म्या सांगितलं, साहेब. सुया म्या दिल्या. हिनं नुसतं लिहिलं. हिला लिहायची सवयच हाय."

हे तुझं पहिलं बचावाचं भाषण. त्यातल्या शेवटच्या वाक्यानं अधीक्षकांच्या अहवालात एक अख्खा परिच्छेद वाढला. 'संबंधित परिचारिकेस प्रत्यक्ष सेवा न देता नोंदी करण्याची सवय असल्याचे सहकारी परिचारिकेने मान्य केले.' तो परिच्छेद मला पाठ आहे. नऊ सुया कागदावर रुग्णाला आणि प्रत्यक्षात बाहेर, असा त्यांचा संशय. मी निलंबित, तुला वॉर्डातून उचलून बाह्यरुग्ण विभागात, कपाटापासून लांब. अहवाल मुंबईला आपल्या नोंदण्या ठेवणाऱ्या परिषदेकडे गेला आणि दोघींना नोटिसा आल्या. तुला माहीतच आहे, पण दुसऱ्या कुणी हे वाचलं तर म्हणून लिहिते: नोंदणी गेली की नर्स कुठंच सुई हातात धरू शकत नाही, सरकारी दवाखान्यात नाही, खाजगीतही नाही. एकवीस वर्षांची माझी नोकरी त्या एका नोंदणीत अडकली होती, आणि तुझीही.

गावात बातमी आपल्या आधी पोचली. त्या आठवड्यातच तू मला बळजबरीनं बाजारात घेऊन गेलीस. "घरात बसून काय अंडी उबवून राहिलीस?" भाजीच्या पालापाशी एक बाई दुसरीला कोपरानं ढोसत म्हणाली, "हीच का ती, सुया इकणारी?" मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. तू मेथीची जुडी खाली ठेवलीस, तिच्याकडे वळलीस आणि म्हणालीस, "व्हय, हीच. तुला पाहिजे का? मंग माघं लाईनीत उभी राय." आजूबाजूचे सगळे हसले. ती बाईही हसली. मी हसले नाही. मी तुला घरी येईपर्यंत सुनावत होते की आपल्यावर चौकशी चालू असताना असं चारचौघांत बोलायचं नसतं, हे उद्या कुणी लिहून दिलं तर. तू मेथी निवडत बसलीस. मी बोलायची थांबल्यावर म्हणालीस, "मंगल, तुझ्या डोळ्याला पाणी काहून येऊन राहिलं?" आलं नव्हतं. हे तेव्हाही सांगितलं होतं, आताही सांगते.

उत्तर द्यायला आपल्याला सहा आठवडे होते. मी कामाला लागले. नऊ रुग्ण, नऊ गावं, केसपेपर नंबर, तारखा, असा तक्ता केला. मग एक नमुना तयार करून त्याच्या वीस प्रती काढल्या. अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक दुखण्यासाठी मला सुई दिली गेली, देणाऱ्या परिचारिकेचं नाव, सही किंवा अंगठा, साक्षीदार. रेषांवर ठिपके देऊन जागा सोडल्या होत्या. लेकरालाही भरता आला असता असा नमुना. तो घेऊन तू सुट्टी टाकून पहिल्यांदा नरसीला गेलीस. कंबरेचं हाड मोडलेली म्हातारी, यादीतली पहिली.

संध्याकाळी तू परत आलीस ती पिशवीभर शेवग्याच्या शेंगा घेऊन. म्हातारी दोन महिन्यांपूर्वीच गेली होती. तू सुनेपाशी बसलीस, जेवलीस, तिच्या लेकराचं नाक पुसलंस, म्हातारी शेवटी कशी खात नव्हती ते सगळं ऐकलंस.

"आणि नमुना?"

"अगं, तिची सासू मेली. मी काय कागद पुढं करू?"

"मग गेलीस कशाला?"

"भेटायला. तिनं बोलावलं होतं दवाखान्यातून जाताना. ये म्हणली होती."

मी त्या रात्रीचा स्वयंपाकच केला नाही. शेंगा शेजारी देऊन टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सून स्वतः एसटीनं आपल्या दारात उभी. तू निघाल्यावर शेजाऱ्यांनी तिला आपल्या चौकशीबद्दल सांगितलं होतं. "बाई काहीच बोलल्या न्हाईत हो," ती मला म्हणाली. "मला ठाव असतं तर कालच सही दिली असती. सुई दिली तेव्हा मी खाटापाशीच होते. सासू तीन दिवसांनी पहिल्यांदा बोलली, गाईला पाणी पाजलं का म्हणून." मी नमुना पुढं केला. तिनं शाळेतल्या अक्षरात सगळा भरला. वेळेच्या जागी लिहिलं: शाळा सुटली तेव्हा.

तेव्हापासून मी तुला एकटीला पाठवलं नाही. तक्ता माझ्या पिशवीत, तू माझ्या शेजारी खिडकीत, आणि एसटीत बसलेल्या दर तिसऱ्या माणसाला तुझी ओळख. कनेरगाव नाक्याचा तो ढाबेवाला, ज्याच्या हातावर कढईतलं तेल सांडलं होतं, तो तर आपल्याला पाहून गल्ला सोडून बाहेर आला. मला वाटलं दहा मिनिटांत सही घेऊन परतीची गाडी पकडू. त्यानं आधी जेवायला बसवलं. मी नमुना काढला की तो म्हणायचा, "बाई, पहिले भाकर, मंग कागद." शेवटी कागदाची पाळी आली.

"सुई किती वाजता दिली?"

"वाजले किती ते न्हाई सांगता येणार. पण ह्या बाईनं काय सांगितलं ते सगळं सांगतो." आणि त्यानं सांगितलं. तुझ्या तांड्यावरच्या विहिरीत पडलेल्या रेड्याची गोष्ट, तो कसा काढला, कोण कोण खाली उतरलं, कुणाचं धोतर सुटलं. शब्दन् शब्द. मला ती गोष्ट तुझ्या तोंडून इतक्यांदा ऐकून पाठ होती, आणि त्या माणसाला ती पाठ असण्याचं तुझ्याशिवाय दुसरं कारण असू शकत नव्हतं. मी ती नमुन्यात कुठं लिहू? त्यासाठी ठिपके सोडलेच नव्हते. मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिली. तुझ्या रेड्याच्या गोष्टीची एक प्रत आज मुंबईला सरकारी कपाटात आहे.

आणि वसमतची ती. हळदीला पॉलिश करायच्या ड्रममध्ये हात गेलेली मजूरबाई. तिच्या घरी आपण दोन वेळा गेलो, दुसऱ्यांदा सापडली. ती सही करत नव्हती, अंगठा लावते म्हणाली. मी शाईची डबी उघडली. नमुन्यात मीच छापून घेतलं होतं: पुरुषांनी डाव्या हाताचा, स्त्रियांनी उजव्या हाताचा अंगठा. तिनं उजवा हात पदराखालून काढला. अंगठा नव्हता. त्याच अंगठ्यासाठी ती सुई दिली होती.

तिनं माझ्याकडे बघितलं, मग तुझ्याकडे. तू म्हणालीस, "डावा लाव गं माय. हेडमास्तरणीला सांगू आपण, उजवा सुट्टीवर हाय." ती हसली. तोंडावर हात ठेवून, डावा. मी छापलेली ओळ खोडून तिथं 'डावा' लिहिलं आणि खाली माझी सही केली, खोडल्याची. रस्त्यात मी तुझ्याशी बोलले नाही. तुला वाटलं रागावले. मी त्या छापलेल्या ओळीवर रागावले होते, पण तेवढं सांगायला तोंड उघडलं नाही.

नवांपैकी सात जबाब झाले. एकाचं घरच सापडलं नाही, आणि एक कुटुंब ऊसतोडीला लांब गेलेलं. ते सात कागद मी क्रमांक टाकून, टाचणी लावून फाईलला लावले आणि आपण मुंबईला गेलो. मी गाडीत तुझी तयारी करून घेतली. विचारलं तेवढंच बोलायचं. हो किंवा नाही. गोष्टी सांगायच्या नाहीत. रेड्याचं नाव काढायचं नाही. तू ठेच्याबरोबर धपाटे खात मान हलवत होतीस आणि समोरच्या बाईला एक देत होतीस.

आत तिघं बसले होते. मधल्या मॅडम कधीकाळी स्वतः वॉर्डात उभ्या राहिलेल्या असाव्यात. त्यांची नजर आधी आपल्या हातांकडे गेली. मला त्यांनी वीस मिनिटं विचारलं. मी सगळं खरं सांगितलं आणि ऐकताना मलाच ते खोटं वाटत होतं. मग तुझ्याकडे वळल्या.

"सुया तुम्ही दिल्या, मग लिहिल्या का नाहीत?"

मी खालून तुझा पाय दाबला. तू म्हणालीस, "पेशंट बोलून राहिला होता, मॅडम. उठू कशी?"

"नऊ वेळा?"

"नऊच्या नऊ बोलत होते. दुखणं थांबलं की माणूस बोलतो. पहिले घरचं बोलतो, मंग शेताचं, मंग हसतो. तेव्हा उठून गेलं तर त्याला वाटतं, हिचं काम झालं, आता ही चालली." आणि वर म्हणालीस, "सुई चोरली असती, तर ते बोलले नसते. वरडले असते. ते वरडणं अख्ख्या वॉर्डानं ऐकलं असतं. इचारा कुणालाबी."

मॅडमनी फाईल पुढं ओढली आणि ढाबेवाल्याच्या जबाबाची मागची बाजू वाचायला लागल्या. वाचता वाचता त्यांनी तोंडावर रुमाल धरला. रेडा मुंबईला पोचला होता.

"तुम्ही लिहिलं नाहीत हे कबूल केल्यावर तुमच्यावर कारवाई होईल, हे माहीत आहे ना?" त्यांनी विचारलं.

"व्हय. पण म्या न्हाई लिहिलं, हे खरंच हाय."

निकाल महिन्याभरानं आला. सुया चोरल्याचा आरोप दोघींवरचा काढला. मला ताकीद, नोंदणी कायम. तुझी नोंदणी तीन महिने स्थगित. दोन लिफाफे एकाच टपालात आले होते आणि मी तुझा आधी वाचला. तू माझा आधी वाचलास. आपण दोघी एकदमच खुर्चीवरून उठलो. तू हसत, मी ओरडत.

इथूनच आपलं ते भांडण. मी म्हणाले, तू चाळीस सेकंद काढून नऊ ओळी लिहिल्या असत्यास तर यातलं काही घडलं नसतं. तू म्हणालीस, "तू मागून भरल्या नसत्यास, तरी काही घडलं नसतं. ओळ कोरी राहिली असती, मला बोलणी बसली असती, मी ऐकून घेतली असती. कोरी ओळ खोटं बोलत न्हाई. ती नुसती कोरी असते." मी म्हणाले, म्हणजे चूक माझी? तू म्हणालीस, "मी कुठं म्हणले? मी म्हणून राहिले, चहा ठेव." आणि तीन महिने तांड्यावर जाऊन राहिलीस. मी दर आठवड्याला फोन करायची. तू दर वेळी सांगायचीस की बरं झालं, सुट्टी मिळाली, भावाच्या हळदीची काढणी आहे. तुझं काय गेलं हे तू एकदाही बोलली नाहीस. मी एकदाही विचारलं नाही. मला वाटायचं, मी आभार मानले तर भांडणात माझी बाजू पडेल.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. असंच आहे ते. राहू दे.

तू कामावर परत आलीस तोवर मी नवं रजिस्टर आखलं होतं. शेवटी एक जादा रकाना वाढवला: 'नोंद उशिरा केली असल्यास कारण'. मागून भरायचं नाही. उशीर झाला तर ज्याची सुई त्यानंच, खरी वेळ टाकून, कारण लिहून सही करायची. सगळ्यांना सांगितलं की नियमाप्रमाणे आहे. खरं तर तो रकाना मी एकट्या तुझ्यासाठी आखला होता. तू त्यात पहिल्याच आठवड्यात लिहिलंस: पेशंट बोलत होता. मी लाल शाईनं शेजारी लिहिलं: हे कारण चालणार नाही. पुढच्या वेळी तू पुन्हा तेच लिहिलंस. मी पुन्हा लाल शाई. त्या रजिस्टरात आपलं भांडण पानोपानी चालू आहे, तारीखवार. पण तू लिहायला लागलीस, हेही त्यात दिसतं. उशिरा का होईना, स्वतःच्या हातानं.

मग तुझ्या पोटातली ती गाठ. नांदेडला चला, संभाजीनगरला चला, मी तीन दवाखान्यांचा तक्ता करून आणला. कुठं काय सोय, कुठं किती दिवस. तू तो तक्ता घडी करून उशीखाली ठेवलास आणि म्हणालीस, "ह्याच्यात आपल्या वॉर्डाचं नाव काहून न्हाई?" शेवटी तू आपल्याच वॉर्डात सातव्या खाटेवर आलीस, खिडकीपाशी. ज्या कपाटापायी आपण मुंबईपर्यंत गेलो, त्याच कपाटातल्या सुया तुला लिहून दिल्या गेल्या. सोबतच्या सिस्टर आणि मी, दोन चाव्या, दोन सह्या. मी सुई टोचून ओळ भरायला टेबलाकडे निघाले की तू मागून विचारायचीस, "लिहिलंस का?" दुखत असताना, दात आवळून. मला इतका संताप यायचा. उभ्या आयुष्यात कधी वेळेवर लिहिलं नाहीस आणि आता माझी हजेरी घेतेस.

तू गेलीस त्याच्या दोन दिवस आधी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मी तुला सुई दिली. त्या आठवड्यात दुपारपाळी माझी होती, आणि वेळ मी बघून ठेवली होती. उठले, तर तू मनगट धरलंस. जोर नव्हता, पण धरलंस. थोड्या वेळानं कपाळावरच्या आठ्या गेल्या आणि तू बोलायला लागलीस. भावाची हळद या वर्षी कशी झाली ते. मग वसमतच्या त्या बाईनं डाव्या हातानं भाकरी थापायला शिकून घेतलं, तुला फोन करून सांगितलं, ते. मग रेडा. रेड्याच्या गोष्टीत धोतर सुटतं तिथं तू हसलीस आणि मीही हसले, कितव्यांदा कोण जाणे.

मध्येच डोळे उघडून म्हणालीस, "लिहिलंस का?"

"लिहिलं."

तू माझ्या खिशाकडे पाहिलंस. पेनाचं टोपण अजून लावलेलंच होतं. "हेडमास्तरीण खोटं बोलून राहिली," म्हणालीस, आणि पुढची गोष्ट सुरू केलीस. मनगट सोडलं नाहीस.

टेबलापाशी मी पोचले तेव्हा पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. तारीख टाकली. दिल्याची वेळ तीन दहा, नोंदीची वेळ पाच पाच. तुझं पूर्ण नाव, वय, खाट सात. किती दिली, टाकून दिली शून्य. सही माझी, आणि या खेपेला सुईही मीच दिलेली. मग शेवटचा रकाना. इतक्या वर्षांत मी दिलेल्या सुईची एकही नोंद उशिरा झालेली नव्हती, त्यामुळे तिथं काय लिहायचं याची मला सवय नव्हती. मी लिहिलं: पेशंट बोलत होती.

दुसऱ्या दिवशी फार्मासिस्ट रजिस्टर तपासायला आले. तुझ्या ओळींशेजारची लाल शाई त्यांना पाठ आहे. त्यांनी माझ्या ओळीवर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "सिस्टर, हे कारण चालतं का?"

मी म्हणाले, "चालतं."